गोठ्यातलं लग्न

उन्नती स्टुलावर उभी राहून गोठ्याच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होती. तिची सासू काशी मागच्या ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. तिने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग काही राहवेना.

“आज काय हाय ग? कोनाचा वाढदिवस?”

“लग्न आहे, आई.”

“कोनाचा?”

“पाहुण्यांच्या कुत्र्यांचं.”

काशीच्या बोटांतला वाल सालीतून सटकला आणि अंगणात जाऊन पडला. तिला आधी हसूच आलं. या गोठ्यात काय काय बघायचं राहिलंय देव जाणे, असं पुटपुटत तिने पुढचा वाल उचलला.

गोठा म्हणायचा तो आपला सवयीने. पनवेलच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी. नवरा होता तोवर गोठ्यात बैल होते, दुभती म्हैस होती, वर माळ्यावर पेंढा असायचा. तो गेला, मग गुरंही एकेक करून गेली. मुलाने, धनेशने कळंबोलीला चालवायचा तो ट्रक विकला आणि बायकोच्या, उन्नतीच्या डोक्याने गोठ्याचं कॉटेज केलं. शेणाने सारवलेली जमीन जाऊन लाद्या आल्या, माळ्यावर लाकडी जिना चढला आणि बाहेर पाटी लागली की कुत्र्यासकट या. लोक खरोखरच आले. खारघर, वाशी, सीवूड्स, कुठून कुठून शनिवार-रविवारी गाड्या भरून येत. गुरांच्या गव्हाणीत गादी टाकली होती, तिच्यात त्यांची कुत्री झोपत. घरचा मोत्या तेवढे दोन दिवस मागच्या आंब्याला बांधलेला असे. तो पडला गावठी, पाहुण्यांच्या कुत्र्यांना गोचीड लागतील म्हणून.

काशीला याचं काही वाईट वाटत नव्हतं. रिकामा गोठा ठेवून त्याची काय पूजा करायची होती? कुत्र्यांशी तर तिचं छान जमायचं. माणसांपेक्षा बरं, ती उगाच चौकशा करत नाहीत, असं ती म्हणायची.

चारच्या सुमाराला उन्नती पुन्हा आली आणि शेजारी टेकली. ही मुलगी कामाशिवाय कधी टेकत नसे, तेव्हा काशीने ओळखलं.

“आई, पाहुण्यांतल्या त्या हेतलताई विचारतायत, इथलं काहीतरी लोकल होईल का. म्हणजे गाणं वगैरे. तुम्ही दोन ओळी म्हणाल?”

“कसल्या दोन ओली?”

“धवल्याच्या. दोनच. कुत्र्यांसाठी भटजी कुठून आणू मी?”

काशीचा हात थांबला. “तुना समजतंय का काय बोलतंस ती? धवला काय असा बसल्या बसल्या गायचा असतो?”

उन्नती उठून उभी राहिली. ती बोनकोड्याची, आगऱ्यांचीच मुलगी, पण बिल्डिंगच्या गर्दीत वाढलेली. तिच्या माहेरची लग्नं हॉलमध्ये होत. धवलारीण कोपऱ्यात कुठेतरी गात असते, एवढंच तिला माहीत. तिचा दोष काढावा तरी कसा?

काशी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी अक्षता टाकायला येतो, पण त्याच्या आधी लग्न लावते ती धवलारीण. मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं, तोच धवला, आणि ते गायल्याशिवाय ते काम झालं असं कुणी मानत नाही. काशीने हे सासूकडून घेतलं होतं. पनवेलपासून शिरवण्यापर्यंत कितीतरी घरांच्या हळदी तिच्या गळ्यावर लागल्या होत्या. नवरा गेला तेव्हा तिला धास्ती वाटली होती, की आता हेही गेलं. विधवा बाईला हळदीच्या पाटाजवळ कोण उभं करतो? पण धवलारणीचा मान निराळा. ती विधवा असली तरी तिची जागा मांडवाच्या मेढीशी, मधल्या खांबाशी, पाटाला लागून, आणि नवरीला पहिलं बोट हळदीचं लावायचं तेही तिनेच. तेराव्यानंतर महिन्याभरात तिला आवतन आलं, पुढ्यात नारळ-सुपारी ठेवली गेली, तेव्हा ती घरात जाऊन मनसोक्त रडली होती.

आणखी एक होतं, ते तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. धवल्यात देवांना बोलावून झालं की घरच्या मेलेल्या वाडवडलांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं असतं. आपल्या भावकीतलं लग्न असलं की त्यात तिच्या नवऱ्याचंही नाव येई. जन्मभर ज्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, त्याला भर मांडवात मोठ्याने हाक मारायची. कान्हा, ये रे. तेवढ्या एका हाकेसाठी ती भावकीतल्या लग्नांची वाट बघायची.

अलीकडे मात्र सगळं बिनसलं होतं. गेल्या हंगामात एका हळदीला ती गात होती, देवांची नावं अर्ध्यावर आली होती आणि नवऱ्यामुलाचा कुणी मित्र येऊन म्हणाला, “आजी, आटपा ना जरा, डीजेवाला थांबलाय.” तिने धवला सोडला नाही, कारण सुरू केलेला धवला अर्ध्यावर टाकायचा नसतो. पण पुढचा सगळा धवला त्या स्पीकरच्या धडधडीखाली गेला. स्वतःचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही.

तर काशी नाही म्हणाली होती, आणि तिथेच राहायला हवं होतं. पण थोड्या वेळाने ती हेतल स्वतःच ओटीपाशी आली. चपला बाजूला काढून आली. तिच्याबरोबर तिची मैत्रीण संघमित्रा होती, डोळ्यांवर मोठा चष्मा, मराठी अगदी पुस्तकातलं. दोघी खाली, जमिनीवर बसल्या.

“आजी, आमची काही जबरदस्ती नाही,” संघमित्रा म्हणाली. “पण उन्नतीने सांगितलं, तुम्हाला शेकडो ओळी पाठ आहेत. कुठेही लिहिलेल्या नाहीत. आम्हाला ऐकायच्या आहेत हो. कुत्री राहू द्या बाजूला.”

आम्हाला ऐकायच्या आहेत. काशीला हे असं कुणी म्हटल्याचं आठवेना. तिला बोलावत, तिला साडी-चोळी देत, तिच्या पाया पडत. ऐकायचं आहे, असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं.

“हलद दलायचा म्हनीन,” ती म्हणाली. “तेवढाच. देवांचा नाय.”

हळद दळताना बायका जात्यावर म्हणतात ते गाणं तिने मनाशी धरलं. त्याला फारसं सोवळं नसतं, नुसती थट्टामस्करी. तेवढं म्हणून उठायचं.

गोठ्यात पाट मांडला होता. पाटावर नवरदेव मोका, तपकिरी, गलेलठ्ठ, कपाळाला मुंडावळ्या. शेजारी बटर नावाची पांढरी कुत्री, लाल ओढणीत, ती सारखी मुंडावळ्या चाटत होती. सात-आठ माणसं गोल करून बसली होती. धनेश सरबताचा ट्रे घेऊन उभा होता. काशी भिंतीला टेकून बसली आणि तिने हळद दळायचं गाणं सुरू केलं.

कुणी बोललं नाही. फोनसुद्धा वाजला नाही. हेतलने तोंडावर हात ठेवला होता, संघमित्राने डोळे मिटले होते, एक दाढीवाला मुलगा टक लावून बघत होता. दगडी भिंतींमुळे आवाज घुमून परत येत होता. काशीला तिचा तरुणपणचा गळा ऐकू आल्यासारखं झालं. हळदीचं संपलं तेव्हा थांबायला हवं होतं. पण श्वास घेतला आणि त्या श्वासावर पुढचं आलंच, जसं ते दर लग्नात येत होतं. देव आले. आई एकवीरा आली, गावदेवी आली. आता मागे फिरता येत नव्हतं, कारण सुरू झालेला धवला अर्ध्यावर टाकायचा नसतो. ती गातच राहिली आणि, खोटं कशाला बोला, तिला थांबायचंही नव्हतं. इतकं सुख तिला किती दिवसांत झालं नव्हतं.

मग वाडवडील आले. त्या कुत्र्यांचे वाडवडील ती कुठून आणणार? तोंडाला जी नावं येत होती ती आली. सासरा पोशा आला. त्याचा भाऊ गोमा आला. आणि त्यांच्या मागून कान्हा आला. ये रे कान्हा, मांडवात ये, पाटाशी बस.

धनेशने ट्रे खाली ठेवला. त्यातला एक पेला कलंडला आणि सरबत लादीवरून मोकाच्या पाटाखाली गेलं. मोका ते चाटू लागला. धनेश कुणाकडे न बघता बाहेर निघून गेला. तेव्हा काशीला कळलं की आपण काय केलं.

धवला तिने पुरा केला, पण आवाज आतून निघून गेला होता. टाळ्या झाल्या. हेतलने डोळे पुसत तिच्या ओटीत साडी ठेवली, वर नारळ ठेवला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की असं द्यायचं असतं. खऱ्या लग्नात देतात तसंच. काशीने दोन्ही हातांनी घेतलं. घेतलं नसतं तर बरं, हे तिला साडी पेटीत ठेवताना सुचलं.

तिन्हीसांजेला धनेश पडवीत आला. तिच्यापासून जरा लांबच बसला.

“बाबांना कशाला बोलावलंस, आई?”

तोंडातून आलं, एवढंच खरं होतं आणि ते सांगायची तिला लाज वाटली.

“चुकला माजा,” ती म्हणाली.

धनेश उठून आत गेला. तो चार शब्द ओरडला असता तर तिला हलकं वाटलं असतं.

उन्नतीला यातलं काही कळलं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी कॉटेजच्या पेजवर व्हिडिओ टाकला. मुंडावळ्या बांधलेला मोका, ओढणीतली बटर आणि मागे काशीचा आवाज. लोकांना फार आवडला. कुणी हृदयं पाठवली, कुणी बुकिंग केलं. मग तो व्हिडिओ बोनकोड्याला पोचला, तिथून शिरवण्याला आणि गावोगावच्या बायकांच्या ग्रुपवर.

पनवेलच्या बाजारात सुकटवालीने काशीला ओळखलं. ओळख जुनीच होती, पण त्या दिवशी ती निराळी हसली.

“काशीबाय, कुत्र्यांचा लावलास, आता मांजरांचा कधी? माजी बोकी हाय हो लग्नाची.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यात दुष्टावा नव्हता, चेष्टाच होती. काशीही हसली. एरवी तिने असं उत्तर दिलं असतं की सुकटवालीची टोपली तिथेच राहिली असती. पण तिने जवळा पिशवीत घेतला आणि वाटेत कुणाकडे न बघता रिक्षा पकडली. रिक्षात तिचे कान तापले होते. एक म्हातारी मात्र मघाशी हसली नव्हती. ती नुसतं म्हणाली होती, “त्यात तुज्या घोवाचा नाव घेतलास ना ग?” काशीला ते पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. हसल्या त्या परवडल्या.

त्यानंतर जमुना आली. काशीची धाकटी बहीण, शिरवण्याला दिलेली. तिच्या मुलीचं, अर्पिताचं लग्न ठरलं होतं, बोनकोड्याच्या दीपेशशी. अर्पिता तीन वर्षांची असल्यापासून म्हणायची, माझ्या लग्नात मावशी गाणार, आणि काशी तिला म्हणायची, तुज्या लग्नात असा गाईन की तुजा नवरा रडंल. या लग्नासाठी काशीने गळा जपला होता. थंड पाणी सोडलं होतं, चिंच सोडली होती.

जमुनाने पिशवी मांडीवर घेतली आणि ती तशीच धरून बसली. काशीची नजर पिशवीकडे गेली. धवलारणीचं आवतन सगळ्यांच्या आधी असतं, त्याला नारळ लागतो. पिशवीत नारळ असला की पिशवी खाली ओढली जाते. ही चपटी होती.

“चा घेतंस?” काशीने विचारलं.

“घेतलाय मी वाटेत.”

वाटेत चहा घेऊन बहिणीच्या घरी येणारी जमुना काशीने आजवर बघितली नव्हती. उन्नती पाण्याचा तांब्या घेऊन आली, ती तिथेच उभी राहिली.

जमुनाने पत्रिका काढली. तिच्यावर हळदीचं बोट होतं. ती काशीच्या हातात देताना तिने मान खाली घातली.

“ताय, मना काय नाय ग. मी तुलाच बोलावली असती. पन ती बोनकोड्याची मानसा… दीपेशची आजी बोलते, जिच्या तोंडाला कुत्र्यांचा धवला लागला, तिच्या तोंडाचा आमच्या पोराला नको. मी लय भांडली. ह्यांना पन बोलली. आता पोरीला तिथंच नांदायचा हाय.”

उन्नतीचा चेहरा उतरला. तो तिचा गाव, तिच्याच माहेरची माणसं. “मावशी, मी फोन करते त्यांना,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. मीच आईंच्या मागे लागले. व्हिडिओ मी आत्ताच्या आत्ता काढते.”

“काढ तं बरा होईल,” काशी म्हणाली. “पन फोन नको करू.”

“पण आई, गाणंच तर होतं. कुणाचं काय वाईट झालं त्यात?”

काशीने पत्रिका चटईवर ठेवली. ती उन्नतीशी कधी मोठ्याने बोलत नसे, आताही बोलली नाही.

“कुत्र्यांचा काय नाय ग. कुत्री गरीब. त्या पोरींचा पन काय नाय, त्यांनी मान दिला मना. पन मी मेलेल्या मानसांना हाक मारली. ती बिचारी आली असतील. आपल्याच गोठ्यात आली असतील, पाटाशी बसली असतील, आनी बघितला असंल लगीन कोनाचा चाललाय ती. माजा घोव गोठ्यातला शेन काढत मेला, त्याला मी कशाला बोलावला?”

जमुना पदराने डोळे पुसू लागली.

“तू रडू नको,” काशी म्हणाली. “ती आजी बरोबर बोलली. मी त्या घरची असती, तं मीपन हेच बोलली असती. बायजाबायला सांग धवला गायला. तिचा गला मोठा हाय, मंडपात पोचंल. नारल घेऊन जा तिच्याकडं, पत्रिका नुसती नको नेऊ, रागावंल.”

“तू येशील ना पन?”

“येईन नाय तं काय. माज्या पोरीची हलद हाय.”

जमुना गेल्यावर उन्नतीने व्हिडिओ काढून टाकला आणि फोन सासूला दाखवला, गेला म्हणून. काशीने बघितल्यासारखं केलं. मग चुलीपाशी जाऊन तिने तांदळाचं पीठ मळायला घेतलं आणि भाकऱ्या नेहमीपेक्षा जास्तच थापल्या. दुसऱ्या दिवशी मोत्याला शिळ्या भाकऱ्या मिळाल्या.

शिरवण्याला हळदीच्या दिवशी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव होता. दोन इमारतींच्या मध्ये दिव्यांच्या माळा, वड्यांचा वास आणि स्पीकरच्या भिंती. जमुनाच्या नवऱ्याने मात्र आधीच बजावलं होतं की धवला पुरा होईपर्यंत डीजे वाजणार नाही. बोनकोड्याची माणसं काटेकोर, त्यांच्या घरच्या बायका बघायला आल्या होत्या. काशीने हे ऐकलं आणि तिला बरं वाटलं. त्यातलं थोडं टोचलंही.

काशीने साधी निळी साडी नेसली होती. हेतलने दिलेली पेटीतच होती. तिच्याबरोबर धनेश आणि उन्नती होते. धनेशने तिला मांडवाच्या तोंडाशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. उन्नतीला माहेरच्या बायकांनी घेरलं. काशी एकटी आत आली.

अर्पिता पाटावर बसली होती. पिवळी साडी, केसांत मोगरा, हात गुडघ्यांवर. बायजाबाई मेढीशी बसली होती, पाटाला लागून, पुढ्यात हळदीची वाटी. काशीचे पाय सरळ तिकडेच निघाले. इतक्या वर्षांची त्यांना सवय, त्यांना कोण सांगणार? ती माणसं ओलांडत निम्म्या मांडवात पोचली. समोरच्या बायका सरकल्या नाहीत. तेव्हा ती थांबली. दोघी-तिघींनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. बघून न बघितल्यासारखं करणं किती लागतं, हे काशीला त्या क्षणी नीट कळलं. तिला वाटलं, जमीन फाटून आत घेईल तर बरं. मागे फिरताना एका मुलाचा पाय तुडवला गेला. तो कळवळला, तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मागच्या भिंतीला लागून सतरंजी टाकली होती. तिथे विधवा बायका बसल्या होत्या, पांढऱ्या-करड्या साड्यांच्या. हळदीला बसायचं, जेवायचं आणि जायचं. इतकी वर्षं काशीने त्यांना मेढीपाशी बसून बघितलं होतं. त्यांच्यातली एक म्हातारी तिच्याकडे बघत होती. तिने शेजारणीला कोपराने ढकललं, दोघी थोड्या सरकल्या आणि मध्ये एका बाईपुरती जागा झाली. काशी तिथे बसली.

बायजाबाईने सुरू केलं. गळा मोठा होता, थोडा रखरखीत, पण खणखणीत. देव आले. वाडवडील आले. जमुनाच्या सासऱ्याचं नाव आलं, आजेसासऱ्याचं आलं. काशी कान देऊन ऐकत होती. बायजाबाई कुठे चुकते याची आपण वाट बघतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. बायजाबाई कुठेही चुकली नाही. सतरंजीवरच्या बायका खालच्या आवाजात साथ देत होत्या. काशीने ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

पहिलं हळदीचं बोट लावायची वेळ झाली. बायजाबाईने वाटी उचलली. तेवढ्यात अर्पिताने मान वळवली. ती मांडवात कुणाला तरी शोधत होती. तिची नजर मेढीवरून, बायकांवरून फिरत फिरत भिंतीपर्यंत आली आणि सतरंजीवर येऊन थांबली. तिचा चेहरा कसनुसा झाला. ती पाटावरून उठते की काय, असं काशीला वाटलं.

पाटावर बसलेल्या नवरीने मागे बघायचं नसतं. ते बरं नसतं. हे नवऱ्यामुलींना सांगायचं काम धवलारणीचं.

काशीने बसल्या जागेवरून हात वर केला आणि बोटाने खूण केली. समोर बघ.

अर्पिता क्षणभर तशीच राहिली. मग तिने मान फिरवली आणि चेहरा बायजाबाईच्या पुढे केला.